एमिल सोबोताचा फोन

एमिल सोबोताने स्वतः फोन करून आपल्या पोटच्या पोराला बेसबॉलच्या संघातून काढायला लावलं, असं आमच्या गावात बोललं जायचं. मोठ्याने नव्हे. बोलण्याजोगं काही असलं की आमच्याकडे आवाज खालीच जातो. शनिवारी चर्चच्या तळघरात बायका पिएरोगी करायला जमतात. पाती लाटायची, बटाट्याचं सारण भरायचं, कडा दाबायच्या, आणि दाबता दाबता तोंड शेजारणीच्या कानाशी न्यायचं. सारण आत जातं आणि बातमी बाहेर येते.

पुरावे भक्कम होते. मार्ज कोवाचची भाची पोराच्या संघाच्या, मिडलफोर्कच्या, मैदानावर कचेरीत फोन घ्यायला बसायची. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं : “मी टॉड सोबोताचा बाप बोलतोय, मॅनेजरला द्या.” मग ज्या रविवारी पोराला काढलं, त्या दिवशी याच बापाने मैदानावर अख्ख्या रांगेला बिअर पाजली होती. आणि एमिलच्या दुकानावर, टॉड पाळण्यात होता तेव्हापासून, पाटी होती : ‘सोबोता आणि मुलगा, सायलेन्सर दुरुस्ती’. पाटी खरी करायला बापाने पोराचे पाय कापले, असा निकाल तळघरात लागला. तिथल्या निकालावर अपील नसतं.

मी रुडी. एमिलच्या बायकोचा, बर्नाडीनचा, थोरला भाऊ. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायला वेळ भरपूर. या प्रकरणात तर मी शेवटच्या सीटवर बसून सगळं पाहिलेलं आहे. शेवटच्या म्हणजे खरोखरच शेवटच्या. एमिलची लांबलचक स्टेशन वॅगन होती, बाजूंना लाकडासारखा कागद चिकटवलेली, आणि तिची मागची सीट उलट्या तोंडाची. पुढचे तिघं कुठे जातायत ते बघायचे. मी कुठून आलो ते बघायचो.

एमिल फार कमी बोलायचा. नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडल्यावर गावात नव्या गाड्या येईनाशा झाल्या. जुन्या गाड्या जितक्या खंगायच्या तितका एमिलचा धंदा बरा चालायचा. दिवसभर गाडीखाली पाठीवर पडून तो लोकांच्या गाड्यांचा खडखडाट बंद करायचा. बर्नाडीन म्हणायची, “सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांना हा सायलेन्सर बसवतो, आणि संध्याकाळी एक उरतो तो स्वतःला बसवून घरी येतो.” ती हे त्याच्यासमोर म्हणायची. तो मान डोलवायचा.

अशा माणसाचा पोरगा कॅचर निघाला. कॅचर म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरसमोर उकिडवं बसून ताशी नव्वद मैलांचा चेंडू झेलणारा, तोंडावर जाळी, गुडघे आयुष्यभरासाठी गहाण. एका मोठ्या क्लबाने टॉडला अगदी शेवटी शेवटी, भाजीवाला दोन मिरच्या वरून टाकतो तसा घेतला, आणि खालच्या लीगमध्ये पाठवून दिला. खालच्या लीगच्या पायऱ्या पुष्कळ असतात, आणि सगळ्यात वर एक मोठं दार. बहुतेक पोरं पायऱ्यांवरच म्हातारी होतात. म्हातारी म्हणजे पंचविशीची.

मग उन्हाळ्यातल्या प्रत्येक शनिवार-रविवारी आमची वरात निघायला लागली. सकाळी बर्नाडीन पातळ कापलेल्या हॅमची सँडविचेस बांधायची. एमिल तेल-पाणी बघायचा. त्यांची मुलगी ग्वेन, टॉडपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि जिभेने दहा वर्षांनी, गाडीत बसतानाच विचारायची, “आज कुठलं बाकडं बघायला चाललोय आपण?”

कारण टॉड खेळायचा नाही. टॉड बसायचा.

तो दुसरा कॅचर होता. पहिला दमला, दुखावला किंवा त्याची आजी वारली, की दुसऱ्याची पाळी. आणि पहिल्या कॅचरची आजी नेहमी मंगळवारीच वारायची. शनिवार-रविवारी ती ठणठणीत. मधल्या वारी टॉड खेळला की रेडिओवर खरखरीतून त्याचं नाव ऐकू यायचं. एमिल दुकानाच्या छपरावर चढून एरियल धरून उभा राहायचा आणि खालून बर्नाडीन ओरडायची, “डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे! गेला आवाज! आता हलू नकोस!” टॉडने मारलेले फटके त्यांनी असे ऐकले, अर्धे अर्धे. पाहिला एकही नाही.

आम्ही पाहिली ती टॉडची टोपी. खेळाडूंचं बाकडं जमिनीपेक्षा जरा खाली असतं. वरून बघणाऱ्याला टोप्यांची रांग दिसते. त्यातली टॉडची कुठली हे बर्नाडीन लांबून ओळखायची. “ती बघ, जरा कलती. लहानपणापासून त्याचं डोकं असंच आहे, माझ्या सासूसारखं.” तीन उन्हाळे आम्ही त्या टोपीपायी किती पेट्रोल जाळलं! एका मैदानामागून मालगाडी जायची, तेव्हा खेळ थांबायचा आणि सगळे डबे मोजायचे. एका मैदानाशेजारी व्हिनेगरचा कारखाना होता, तिथे हॉटडॉग न खाताही आंबट ढेकर यायचे. एका ठिकाणी डावीकडच्या भिंतीपलीकडे कब्रस्तान होतं. तिकडे उंच फटका गेला की कुणीतरी हमखास म्हणायचं, “तिकडचे झेलतील.”

एमिल कुठल्याही मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचायचा, घरून आणलेली उशी लाकडी फळीवर टाकायचा आणि चामड्याचा मोठा हातमोजा मांडीवर घेऊन बसायचा. प्रेक्षकांत आलेला चेंडू झेलायची हौस इथे पोराटोरांना असते. एमिल पंचावन्नचा होता. एकदा खरंच एक चेंडू सरळ त्याच्याकडे आला. दुसऱ्या हातात मोहरी लावलेला हॉटडॉग होता. एमिलने क्षणभर विचार केला आणि हॉटडॉग वाचवला. चेंडू पाठीमागच्या नन बाईने एका हाताने घेतला.

“तरीच,” मी म्हणालो, “पोरगा कुणावर गेला ते कळलं. घरात झेलण्याची परंपराच जुनी.”

“रुडी,” बर्नाडीन म्हणाली, “तू तोंड मागे करून बसलेलाच बरा.”

कधी कधी टॉडला बाजूच्या कुंपणापाशी पाठवायचे, राखीव पिचरचा हात गरम करून द्यायला. मग आमची उचलाउचल. उशी, टोपली, थर्मास, मोजा, सगळं घेऊन आम्ही त्या कुंपणाशी जायचो. मैदानात खेळ चाललेला असायचा, आणि आमचं घराणं त्याला पाठ करून सरावाचा खेळ बघायचं. टॉडने साधा चेंडू झेलला तरी बर्नाडीन टाळ्या पिटायची.

“आई, प्लीज,” टॉड जाळीआडून म्हणायचा. “हे मोजत नाहीत.”

“मी मोजतेय.”

एकदा एका दारू चढलेल्याने आरडाओरडा केला, “ए बाई, खेळ इकडे आहे!” बर्नाडीन मागे वळलीही नाही. “तुझा पोरगा तिकडे असेल तर तू तिकडे बघ,” म्हणाली, “माझा इथे आहे.” तो गप्प झाला, आणि थोड्या वेळाने बिअर घेऊन आमच्याच शेजारी येऊन उभा राहिला.

तिची एकच मागणी होती. गाडीत ती ती पुन्हा पुन्हा बोलून दाखवायची. “त्यानं मोठ्या दारातून आत जावं असं मी म्हणत नाही. नशिबात असेल तर जाईल. पण एकदा, फक्त एकदा, बॅट हातात घेऊन तिथे उभा असलेला मला दिसू दे.” आपल्या येण्यानेच अवदसा येते, अशी तिची खात्री झाली होती. लाल टोपी सोडून निळी घातली. दुसऱ्या दाराने आत गेली. एकदा तर गाडीत बसून राहिली. तोही दिवस टॉडने बाकड्यावरच काढला.

एमिल यावर काही बोलायचा नाही. स्टिअरिंगवर त्याच्या हाताची बोटं तेवढी पांढरी व्हायची.

पोराच्या खेळात बापाने काय करावं यावर त्याचं एकच वाक्य गावाला माहीत होतं, आणि ते त्याने आयुष्यात बोललेलं सगळ्यात लांब वाक्य असावं. टॉड दहा वर्षांचा असताना पोरांच्या लीगमध्ये लेन फोगार्टी नावाचा एक बाप होता. पोराला बसवलं की त्याच संध्याकाळी कोचला फोन. लोकांनी त्याचं नाव ‘हॅलो फोगार्टी’ ठेवलं. तो चर्चमध्ये शिरला की कुणीतरी मुठीचा फोन करून कानाला लावायचं. त्याच्या पोराने शेवटी खेळच सोडला. आमच्याकडे बाप दारू प्याला तर चालतं, पोराच्या मॅचला येऊन झोपला तरी चालतं. फोन केला की पोराचं नाक कापलं जातं. तेव्हा एमिल म्हणाला होता, “पोराला बसवलं तर बसू द्यावं. आज बसेल, उद्या उठेल. बापानं फोन केला की ते जन्मभर बसतं.”

तिसऱ्या उन्हाळ्यात आशा दिसली. मिडलफोर्कच्या संघाचं चिन्ह सलगम. त्या भागात दुसरं काही पिकत नाही. एक पोरगं सलगमच्या गड्ड्याचा भलामोठा पोशाख घालून मैदानभर नाचायचं, आणि ऊन वाढलं की त्याला दोघं धरून सावलीत न्यायचे. जूनमधला एक शनिवार. पहिला कॅचर कर्टिस चांगला खेळत होता आणि मॅनेजर पर्सेलने त्याला अचानक खेळाच्या मध्येच बाहेर बोलावलं. दुखापत नाही, चूक नाही. कर्टिस बाकड्यापाशी आला आणि एकेक खेळाडू उठून त्याला मिठी मारायला लागला.

सगळं मैदान उभं राहिलं. आमच्या पुढची म्हातारी रडायलाच लागली. मध्येच काढला आणि मिठ्या पडल्या, म्हणजे वरून बोलावणं आलं. हे या मैदानांवर पाळण्यातल्या पोरालाही कळतं. जाहीर कुणी करत नाही. मिठी हीच जाहिरात.

“गेला वर,” एमिल म्हणाला.

“आणि बाकड्यावर पहिला कोण आता?” बर्नाडीनने त्याचा दंड इतका दाबला की निळा डाग पुढच्या आठवड्यात मी पाहिला. त्या दिवशी परतताना तिने गाणी म्हटली. ग्वेनसुद्धा गायली.

सोमवारी क्लबाने अठरा वर्षांचा नवा कॅचर आणला. खांदे दारात न मावणारे. त्याच्यावर पैसा लावलेला होता, त्यामुळे तो रोज खेळणार. टॉडची टोपी जिथे होती तिथेच राहिली. टॉडने घरी फोन करून सांगितलं तेव्हा बर्नाडीन “बरं” म्हणाली, फोन ठेवला, आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच.

मग ऑगस्टातला तो रविवार.

आम्ही नेहमीसारखे उशी-टोपली घेऊन बसलो. भोंग्यावरून नावं वाचायला सुरुवात झाली. आठव्या नावाला निवेदक म्हणाला, “कॅचर, टॉड सोबोता.”

बर्नाडीन हलली नाही. “रुडी,” म्हणाली, “तो काय म्हणाला?”

“‘टॉड’ म्हणाला.”

“पुन्हा सांग.”

“टॉड. तुझा.”

तिने माझ्या थोबाडीत मारल्यासारखा गालगुच्चा घेतला, ग्वेनचा मुका घेतला, मागच्या अनोळखी माणसाचा हात हातात घेतला. एमिल मात्र बुटांकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं, आनंद.

पहिल्या खेपेला टॉड तीन चेंडूंत बाद झाला. तिन्ही वेळा बॅट हवेत फिरवून. बर्नाडीनने तरी उभं राहून टाळ्या वाजवल्या. “फिरवली किती छान!” एका बाजूने कुणीतरी ओरडलं, “पंखा आहे, वारा येतोय!” तिने तिकडे बघून हात हलवला. त्या दिवशी तिला कुणाचा राग येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या खेपेला टॉडने फटका मारला. मारला म्हणजे लागला. बॅटच्या बुडाला लागून चेंडू धड वर ना खाली असा उडाला आणि धावत येणाऱ्या तिघांच्या मधोमध, एखादं मळलेलं फडकं टाकावं तसा, पडला. टॉड गुडघे सावरत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, पोचला. एवढंच. पण बर्नाडीनने तो फटका नंतर जसा सांगितला, त्या मानाने चेंडू कब्रस्तानापलीकडे गेला असावा.

ती अजून ओरडतच होती, तेवढ्यात पर्सेल बाकड्यातून बाहेर आला. त्याने टॉडच्या जागी धावायला दुसऱ्याला पाठवलं आणि टॉडला आत बोलावलं. दुखापत नाही, चूक नाही. टॉड चालत आला. पहिल्याने त्याला मिठी मारली. मग दुसऱ्याने. मग त्या अठरा वर्षांच्या रेड्याने त्याला जमिनीवरून उचललाच.

“एमिल,” बर्नाडीन म्हणाली. “एमिल, मिठ्या.”

मैदान उठलं. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, “तुमचा का? नशीबवान आहात!” एमिल उभा राहिला. त्याने बिअरवाल्या पोऱ्याला हाक मारली, इतक्या मोठ्याने की मी दचकलो. त्याचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “या रांगेला! सगळ्यांना! माझ्याकडून!” आणि मग मागच्या रांगेलाही. ज्याने टॉडला पंखा म्हटलं होतं त्यानेही एक घेतली.

बर्नाडीन खाली धावली आणि कठड्यापाशी नाचणाऱ्या सलगमला मिठी मारून त्याच्याबरोबर नाचायला लागली. मी त्या वेळी बाकड्याकडे बघत होतो. टॉड कडेला उभा राहून आपल्या आईकडे बघत होता. त्याने टोपी काढली. तोंडावर धरली. मग पुन्हा घातली आणि तिला हात केला. तिला वाटलं, निरोपाचा. तसा तो होताच.

तिला धीर धरवेना. मैदानाच्या फोनवरून तिने मार्ज कोवाचला कळवलं : “टॉड वर गेला! सगळ्यांना सांग!” मार्जला असं सांगावं लागत नाही.

खेळ संपल्यावर आम्ही खेळाडूंच्या दाराशी कुंपणाबाहेर थांबलो. इतर पोरं आमच्या बाजूने जाताना खाली बघून जात होती. एकाने बर्नाडीनच्या खांद्यावर हात ठेवला. “किती जीव लावलाय याला सगळ्यांनी,” ती म्हणाली.

टॉड आला. दोन्ही खांद्यांवर दोन मोठ्या पिशव्या, आणि हातात त्याच्या सगळ्या बॅटी, दोरीने बांधलेल्या. वर जाणाऱ्या पोराचं सामान क्लबाची माणसं पाठवतात. ते एमिलला ठाऊक होतं. त्याने बॅटींकडे बघितलं आणि त्याचा चेहरा, गाडीतलं तेल काढून घेतल्यावर इंजिन होतं तसा झाला.

“कुठे?” बर्नाडीन विचारत होती. “कुठलं गाव? किती लांब आहे? पुढच्या शनिवारी निघायचं का आम्ही? राहायचं कुठे तुझं?”

“घरी, आई.”

“घरी तर ये, कपडे धुऊन देते. पण मग कुठे?”

“घरीच. मला सोडलंय त्यांनी. संपलं.”

ती हसली. तो तिची थट्टा करतोय असं तिला वाटलं. “मग मिठ्या कशाला मारल्या?”

“आवडायचो मी त्यांना,” टॉड म्हणाला.

बर्नाडीनने एमिलकडे बघितलं, मग ग्वेनकडे, मग माझ्याकडे. कुणीतरी काहीतरी करेल अशा नजरेने. करण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. ग्वेनने भावाच्या हातातल्या बॅटी घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही.

गाडीत टॉड माझ्या शेजारी उलट्या सीटवर बसला. मैदानाचे दिव्यांचे खांब लहान लहान होत गेले. मग पुढून सीटवरून एक हात मागे आला, सँडविच धरलेला.

“खा.”

“भूक नाही, आई.”

“हॅम आहे.”

त्याने घेतलं. खाल्लं.

एमिल त्या दिवशी इतक्या हळू गाडी चालवत होता की ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. घरी पोचायचंच नव्हतं त्याला. आणि बरोबर होतं त्याचं. गावात शिरलो तो दुकानावर पांढरी चादर. मार्जने लाल रंगात रंगवलेली : ‘टॉड, गावाला तुझा अभिमान आहे! वर, अजून वर!’ खाली पंधरावीस माणसं, केक, अकॉर्डियन घेऊन म्हातारा वासिल. गाडी दिसताच वासिलने वाजवायला सुरुवात केली. मार्ज पुढे येऊन खिडकीत डोकं घालून ओरडली, “कुठाय आमचा हिरो?”

त्यांना सांगायचं कुणी? एमिलने इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. शेवटी टॉडच मागचं दार उघडून उतरला, चादरीखाली उभा राहिला आणि म्हणाला, “थँक्यू. केक कापूया. मी वर नाही, इथे आलोय. कायमचा.”

वासिलला कमी ऐकू येतं. तो वाजवत राहिला.

त्यानंतर कुजबुज सुरू झाली. नाचक्की झाली होती मार्जची, आणि नाचक्की झालेल्या माणसाला कुणीतरी गुन्हेगार लागतो. भाचीचा फोन, बापाची बिअर, दुकानाची पाटी. पिठाचे तीन गोळे एकत्र मळले की कणीक तयार. पुढच्या सोमवारी टॉड दुकानात कामाला लागला तशी ती कणीक फुगलीच.

मी एमिलला म्हणालो, “अरे, एकदा तोंड उघड. खोटं आहे म्हण. अर्धं गाव तरी ऐकेल.”

तो गाडीखाली होता. बूट तेवढे बाहेर. बराच वेळ पाना फिरवल्याचा आवाज आला. मग खालून म्हणाला, “खोटं नाही, रुडी.”

“काय खोटं नाही?”

“फोन मीच केला होता. मॅनेजरला राग आला असणार.” पुन्हा पाना. “माझ्यामुळे गेला तो.”

मी खाली वाकून बघितलं. तो वर, सायलेन्सरकडे बघत होता. पुढे काही बोलला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. खोटं मी शंभर जणांना सांगितलं असतं. हे खरं होतं, ते कुणाला सांगणार?

बाप-लेक वीस वर्षं त्या दुकानात शेजारी शेजारी गाड्यांखाली पडले. भांडण नाही, अबोला नाही. “पाना दे.” “घे.” टॉडचं लग्न झालं, पोरं झाली. चर्चमध्ये एमिल शिरला की मागून कुणीतरी मुठीचा फोन करायचं. एमिल बघायचा, आणि जागेवर जाऊन बसायचा. टॉडने एकदा अशा एकाची मूठ धरून पिरगळली. तेव्हा लोक म्हणाले, बघा, पोरगा अजून किती मोठ्या मनाचा!

उन्हाळ्यात शनिवारी ती वॅगन पुन्हा कधी निघाली नाही. बर्नाडीन मात्र तो फटका सांगत राहिली. नाताळला, बारशाला, दातांच्या डॉक्टरकडे. दर वर्षी चेंडू थोडा लांब जायचा. एमिल ऐकायचा आणि मध्येच उठून अंगणात जायचा.

आधी बर्नाडीन गेली, मग दोन हिवाळ्यांनी एमिल. त्याच्या दफनाच्या जेवणाला, त्याच तळघरात, पिएरोगी खाता खाता मार्ज कोवाच मला म्हणाली, “गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण त्यानं तो फोन केला नसता तर...” आणि टॉड मागेच उभा होता. त्याने ताटली खाली ठेवली, मला कोट घालायला सांगितलं आणि मागच्या पायऱ्यांवर नेऊन खरं काय झालं ते सांगितलं. मी त्याला एमिलचं गाडीखालचं बोलणं सांगितलं. तो पायरीवर खाली बसला. बाप स्वतःला दोष देत होता हे त्याला ठाऊक नव्हतं. फोनचं आपल्याला ठाऊक आहे हे कळलं तर बाप शरमेने मरेल, म्हणून तो वीस वर्षं गप्प होता.

टॉडला सोडायचा हुकूम क्लबाकडून गुरुवारी सकाळी आला होता. दुपारी पर्सेलने त्याला खोलीत बोलावून तो सांगितला. टॉड समोर बसलेला असतानाच फोन वाजला. फोनवर एमिल होता. रविवारी पोराची आई येतेय, तिने त्याला कधी खेळताना पाहिलेलं नाही, एकदा उभा करता येईल का, एवढंच त्याने विचारलं. पर्सेल हो म्हणाला, आणि हुकूम रविवारपर्यंत खिशात ठेवला.